बकासुराचे वेतन



खानदेशात वसंत व्याख्यानमाला भरवायची म्हणजे एकच अडचण असते, आणि ती वसंत ऋतूचीच! चैत्र-वैशाखात जळगाव-धुळ्याकडे सूर्य मावळला तरी जमीन निवत नाही. अशा उकाड्यात आपण येथे येऊन बसलात, आणि मी मात्र व्हिडिओ गेममधल्या नावांविषयी बोलणार म्हणतो. हा पोरखेळ कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्याला मी दोष देणार नाही. मी पंडित नव्हे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण माणसाला कोणते नाव दिले जाते यावर त्याचे काय होणार हे ठरते, एवढे मी हजेरीपटावरून शिकलो आहे. वीस वर्षे एकाच यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या नावापुढे 'हंगामी' हा एक शब्द राहिला, तर तो निवृत्त होईपर्यंत हंगामीच राहतो. म्हणून नावांकडे मी जरा संशयाने पाहतो.

प्रसंग असा घडला. एका सहकाऱ्याच्या घरी गेलो असता त्यांचा मुलगा संगणकावर 'स्माइट' नावाचा खेळ खेळत होता. हा खेळ हाय-रेझ स्टुडिओज या अमेरिकन कंपनीने २०१४ साली बाजारात आणला. त्यात निरनिराळ्या देशांच्या पुराणांतले देव आणि दैत्य रणांगणात उतरतात, आणि खेळणारा त्यांतला एक निवडून लढतो. मुलाने निवडलेला लढवय्या लाल डोळ्यांचा, अक्राळविक्राळ होता. समोरचे शिपाई तो गिळी आणि त्यामुळे त्याचे बळ वाढे. नाव विचारले तर मुलगा म्हणाला, "बकासुर." मग थोडे थांबून त्यानेच विचारले, "काका, हाऊ बकासुर आपला एरंडोलना शे का?"

प्रश्न लाख मोलाचा होता. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी आपल्याकडची परंपरा आहे. भीमाने बकाला मारले ते जवळच पद्मालयाच्या परिसरात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता तोच बक अमेरिकेला जाऊन परत जळगावच्या एका खोलीत पडद्यावर उभा राहिला होता. त्या पडद्यावर त्याच्या नावाखाली त्याचा वर्ग लिहिलेला होता: 'असॅसिन', म्हणजे मारेकरी. बकासुर आणि असॅसिन, हे दोन शब्द पडद्यावर शेजारी शेजारी होते. आज त्या दोघांचीच हकीकत सांगावयाची आहे.

प्रथम बकासुर. आपल्याला ठाऊक असलेला बकासुर गाडाभर अन्न खाणारा खादाड आहे. परंतु आदिपर्व उघडून पाहिले तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची निघते. ज्या ब्राह्मणाच्या घरी कुंती आणि पांडव उतरले होते, तो कुंतीला सांगतो की या मुलखाचा राजा दुबळा आहे, तो प्रजेचे रक्षण करीत नाही. परचक्रापासून रक्षण करतो तो बक, आणि त्याचा मोबदला म्हणून गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस त्याला द्यावा लागतो. या मोबदल्याला महाभारतकार शब्द वापरतात तो 'वेतन'. घराघरांची पाळी लागलेली असते. ज्याच्याजवळ पैसा असेल तो दुसरा माणूस विकत घेऊन पाठवू शकतो. आमच्या ब्राह्मणाजवळ तेवढा पैसा नाही, म्हणून तो रडत बसला आहे.

बंधूंनो, पाळी आणि वेतन हे शब्द ऐकून माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारल्याशिवाय कसे राहतील? पैसेवाल्याने पाठवलेला तो विकतचा माणूस तर आमच्या ओळखीचा 'बदली'च. ही नुसत्या राक्षसाची कथा नाही. ज्याने रक्षण करायचे तो राजा कर्तव्य सोडून बसला, त्याची जागा एका बलिष्ठाने घेतली, आणि त्याची किंमत शेवटी गरिबाच्या घरावर येऊन पडली, अशी ही कथा आहे. पुढे भीमाने बकाला मारले हे खरे. पण कथा तेथे संपत नाही. बकाचे भाईबंद भयाने बाहेर आले तेव्हा भीमाने त्यांची कत्तल केली नाही. यापुढे माणसे मारायची नाहीत, अशी अट त्याने घातली. त्यांनी ती मान्य केली आणि पुढे ते शांततेने राहिले. शेवट करारावर झाला. अमेरिकन खेळाने यातले फक्त खाणे उचलले. राजाचा दुबळेपणा, घरांची पाळी आणि शेवटचा करार हे सारे एरंडोलातच राहिले. अर्थात त्या खेळाला तरी दोष कसा द्यावा? आपण घरात मुलांना गोष्ट सांगतो तेव्हा याहून अधिक कोठे सांगतो?

बकाच्या नावाला पुढे 'असुर' हा शब्द चिकटला. त्या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. ऋग्वेदात वरुणासारख्या थोर देवतेला आदराने असुर म्हटलेले आढळते. इराणात त्याच शब्दाचे रूप 'अहुर' झाले आणि अहुर मज्द हे परमेश्वराचे नाव ठरले. आपले पारशी बांधव आजही त्याच नावाने प्रार्थना करतात. तिकडे अहुर देव झाला आणि 'दएव' दुष्ट ठरला. इकडे देव पूज्य राहिले आणि असुर हळूहळू शत्रू झाला. एकाच भाषाकुलातल्या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या पूज्य शब्दांची शिवी केली, असे वाटावे इतका हा उलटापालटीचा प्रकार आहे.

आणि हे केवळ पोथीतले नाव नाही. झारखंडात गुमला, लातेहार या भागांत असुर नावाची आदिवासी जमात आजही राहते. दगडातून लोखंड गाळणे हा तिचा पिढीजात धंदा होता. कारखान्यातले स्वस्त लोखंड आले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. त्यांच्यातले अनेकजण महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि नवरात्रात, सारा देश उत्सव करीत असताना, शोक पाळतात. खेळात 'असुर मारा' असा हुकूम सुटतो, तेव्हा या देशात ते कोणाचे तरी आडनाव आहे हे ध्यानात ठेवलेले बरे.

महाराष्ट्राने या बाबतीत फार शहाणपणाची रीत पाळली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीला दुर्गा शस्त्र देते आणि ती दैत्यांशी लढते, अशी त्याची कथा. आपल्या पोरांनी, आपल्या मातीतली चित्रे घेऊन केलेले हे काम आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. त्यातल्या दैत्यराजाचे नाव महाबलासुर. आता हे नाव महाराष्ट्राला नवे आहे काय? महाबळेश्वरच्या क्षेत्राची कथाच महाबल आणि अतिबल या दोन दैत्य भावांची आहे. अतिबलाला विष्णूने मारले. महाबल देवीच्या मायेने मोहित झाला आणि वर देण्यास तयार झाला. देवांनी त्याचा मृत्यूच मागितला. त्याने तो दिला, पण देवाने येथे आपल्या नावाने राहावे असे मागून घेतले. म्हणून तेथला देव महाबळेश्वर आणि शेजारचा अतिबळेश्वर. उन्हाळ्यात थंड हवा खायला जाणारे आपण सारे एका मारलेल्या दैत्याचे नाव घेत घाट चढत असतो!

हीच रीत आणखी कितीतरी ठिकाणी दिसते. करवीर माहात्म्यात कोल्हासुराने मरताना नगराला आपले नाव मागितले, तेच कोल्हापूर. जेजुरीला मणी शरण आला, त्याने वर मागितला आणि आजही त्याची पूजा होते. मल्ल मारला गेला, पण खंडोबा 'मल्हारी' म्हणजे मल्लाचा अरी म्हणून ओळखला जाऊ लागला. मारणाऱ्याच्या नावात मरणाऱ्याचे नाव कायमचे बसले. तेच नाव मग लोकांनी पोटच्या मुलांना दिले. आपल्या तळोद्याला मामाकडे वाढलेला एक मुलगा त्याच नावाने पुढे इतिहासात गाजला, तो मल्हारराव होळकर. बळीराजाचे तर सांगायलाच नको. वामनाने त्याला पाताळात घातले, तरी दिवाळीत आपल्या आयाबहिणी बळीचे राज्य येवो असेच म्हणतात.

आणि आपला सातपुडा? धडगावकडे १३२५ मीटर उंचीचा अस्तंभा डोंगर आहे. तो अश्वत्थाम्याचा डोंगर. ज्याच्या कपाळाचा मणी काढून घेतला, ज्याला भळभळती जखम घेऊन एकट्याने भटकण्याचा शाप मिळाला, तो महाभारतातला सर्वांत धिक्कारलेला योद्धा. पण दिवाळीच्या दिवसांत हजारो आदिवासी बांधव रात्री तो डोंगर चढून त्याच्या दर्शनाला जातात. शापिताला माणसांनी एकटे सोडले नाही.

आता दुसरा शब्द, असॅसिन. इराणात हसन-ए-सब्बाह याने १०९० साली अलमूतचा किल्ला घेतला आणि निजारी इस्माइली पंथाचे छोटेखानी राज्य उभे केले. मोठमोठ्या सैन्यांपुढे हे लोक मूठभर. तेव्हा शत्रूच्या एखाद्या सरदारालाच गाठून मारणे हा त्यांच्या लढाईचा एक मार्ग होता. त्यांच्या विरोधकांनी त्यांना 'हशीशी' अशी शिवी दिली. क्रूसेडच्या युद्धांत युरोपीय लोकांनी तो शब्द उचलला. पुढे मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाने नशापाणी आणि स्वर्गतुल्य बागेच्या कथा घरोघर पोचवल्या आणि इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच मारेकरी असा झाला. १२५६ साली मंगोलांनी अलमूत पाडले. किल्ला गेला आणि शिवी उरली. २००७ साली 'असॅसिन्स क्रीड' हा जगभर खपलेला खेळ निघाला. त्यात या लोकांना नायक केले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण नायक केले तेही शत्रूने दिलेल्या नावानेच!

हे सारे दूरदेशीचे वाटते काय? तर ऐका. १८६६ साली मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्यापुढे आगाखानांचा खटला चालला. खोजा समाजावर आगाखानांचा अधिकार काय, हा वाद होता. त्या निकालात आगाखानांची परंपरा थेट अलमूतच्या धन्यांपर्यंत नेऊन भिडवली आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने मारेकरी हा शब्द झाला, त्यांचे वारस मुंबईत राहत होते. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली पुण्याला महाल बांधला, तो आसपासच्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून, असे सांगतात. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी तेथेच स्थानबद्ध होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तेथेच वारले. १९६९ साली चौथ्या आगाखानांनी तो महाल राष्ट्राला अर्पण केला. एका बाजूला शब्दकोशातला मारेकरी, आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळात काम देणारे आणि वास्तू राष्ट्राला देऊन टाकणारे घराणे!

जाता जाता एक गंमत सांगतो. जगातल्या सर्वांत लोकप्रिय व्हिडिओ गेमचा नायक मारिओ. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या खेळात १९८१ साली तो प्रथम आला तेव्हा सुतार होता. पुढे तो नळदुरुस्ती करणारा झाला. चला, एक तरी श्रमिक नायक झाला, असे मला वाटले. पण त्याचे नाव कोठून आले? कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे जे मालक होते, त्यांचे! काम कामगाराचे आणि नाव मालकाचे, हा जुना व्यवहार तेथेही सुटला नाही.

धुळे हे इतिहासाचार्य राजवाड्यांचे गाव. १९२६ साली येथेच त्यांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. गावांची, माणसांची, साध्यासुध्या वस्तूंची नावे म्हणजे इतिहासाची कागदपत्रेच आहेत, हे त्यांनी आपल्याला शिकवले. कागद कोणी लिहिला, कोणाच्या बाजूने लिहिला आणि दुसऱ्या बाजूचे काय म्हणणे होते, हे विचारल्याशिवाय इतिहासकार त्यावर शिक्का मारीत नाही. नावाच्या बाबतीतही तेच करावे.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून शिकून आपली मुले-मुली पुण्याला जातात, आणि त्यांच्यातून उद्या असे खेळ रचणारेही निघतील. त्यांना माझी विनंती एवढीच की आपल्या पुराणांतून आणि इतिहासातून नावे खुशाल घ्या, ती कोणाच्या मालकीची नाहीत. पण शत्रूचे नाव घ्याल तर त्याची हकीकतही सगळी घ्या. बकाचे वेतन घ्या आणि भीमाने केलेला करारही घ्या. महाबलाने मरताना काय मागितले ते दाखवा. खेळ त्याने रटाळ होणार नाही, उलट रंगेल.

त्या मुलाला मी ही सारी गोष्ट सांगितली. त्याने खेळ थांबवून ऐकली. शेवटी त्याने विचारले, "मग राजाचे काय झाले? त्याला कोणी जाब विचारला का?" महाभारतात त्या ब्राह्मणाने राजाला दोष दिला आहे, पण जाब विचारायला कोणी गेल्याचे लिहिलेले नाही. तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मी गेम केला तर त्यात राजा टाकीन."