फोटो कुणाचा, यादी कुणाची?

"इंटरनेटवर फोटो विकून पैसे मिळतात का हो?" असा प्रश्न हल्ली नातेवाइकांत वरचेवर निघतो. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला काही विचारलं की तो आधी शंभरेक वर्षं मागे जातो. या वेळी तर दीडशेहून अधिक वर्षं मागे जावं लागलं. कारण कधी न भेटलेल्या गिऱ्हाइकाला यादीतला नंबर दाखवून फोटो विकायचा, ही युक्ती इंटरनेटची नाहीच.

१८६३ साली सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज तरुण बँकेची नोकरी सोडून कलकत्त्याला आला. काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, काळोखाचा तंबू आणि हमालांचा तांडा घेऊन तो तीन वेळा हिमालयात गेला. तेव्हा काचेवर रसायन ओतून ते ओलं आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे तंबूत धुवायचा, अशी रीत होती. बोटं गारठलेली असताना ही कसरत! पण मला कौतुक वाटतं ते त्याच्या नंबरांचं. प्रत्येक काचेवर क्रमांक, आणि त्याप्रमाणे छापील यादी. गिऱ्हाइकानं नंबर निवडायचा, दुकानानं त्याची प्रत काढून द्यायची. बोर्न १८७० मध्ये मायदेशी परतला, पण त्याच्या काचा कलकत्त्यात 'बोर्न अँड शेफर्ड'च्या कपाटांत राहिल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या प्रती विकल्या जात राहिल्या. १९९१ च्या आगीत तिथला बराच संग्रह जळाला. दुकान २०१६ मध्ये बंद झालं.

आपल्या मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिथे होते. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. पण एवढ्या मोठ्या नावांपर्यंत जायला नको. आमच्या शाळेत दर वर्षी ग्रुप फोटो काढायला येणारे स्टुडिओवाले निगेटिव्ह खाकी पाकिटात घालून वर साल आणि इयत्ता लिहून ठेवत. वीस-वीस वर्षांनी लोक त्यांच्याकडे येत. कुणी वारलेलं असे, घरात दुसरा फोटो नसे. मग सहावी 'ब'च्या तिसऱ्या रांगेतला चेहरा मोठा करून, फ्रेम करून नेत. कॉपीचे पैसे अर्थात स्टुडिओवाल्यांना. काढणारे तेच, पाकिटं सांभाळणारेही तेच. हे दोघं वेगळे झाले की काय होतं, ती पुढची गोष्ट.

विसाव्या शतकात मासिकं आणि जाहिराती वाढल्या, तशा फोटो भाड्यानं देणाऱ्या एजन्सी निघाल्या. भाड्यानं हा शब्द महत्त्वाचा. फोटो विकायचा नाही, वापरायची परवानगी द्यायची. किती मोठा छापणार, किती प्रती, कोणत्या देशात, किती दिवस, यावर दर ठरे. आलेल्या पैशातले साधारण निम्मे छायाचित्रकाराला, निम्मे एजन्सीला. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ वगैरे मंडळींनी 'मॅग्नम' काढली ती याच भांडणातून. फोटोचा हक्क मासिकाचा नव्हे, काढणाऱ्याचा, हा त्यांचा आग्रह होता. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे ब्रेसाँचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

आणि यादी सांभाळणारा काय करू शकतो, हे बघायचं तर ऑटो बेटमान. बर्लिनच्या सरकारी कलाग्रंथालयात हा नोकरीला होता. ज्यू म्हणून नाझींनी काढून टाकलं. १९३५ मध्ये चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन तो अमेरिकेत उतरला आणि त्या ट्रंकांतून त्याने न्यूयॉर्कमध्ये 'बेटमान आर्काइव्ह' उभं केलं. पुढे त्यात वृत्तसंस्थांचे संग्रह मिळत गेले आणि चित्रांची संख्या एक कोटीच्या वर गेली. १९९५ मध्ये ते सगळं बिल गेट्स यांच्या 'कॉर्बिस'नं विकत घेतलं. पुढे लोकांच्या भिंतीवर पडदे असतील आणि त्यांवर चित्रं लागतील, त्या चित्रांचा साठा आपल्याकडे हवा, असा गेट्स यांचा होरा होता. जुन्या निगेटिव्ह खराब होत होत्या, म्हणून त्या पेनसिल्व्हेनियातल्या चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, थंडगार तळघरात ठेवल्या. बर्लिनच्या ट्रंकेतून खाणीत! असो.

याच कॉर्बिसमधून जगातला बहुधा सर्वांत जास्त पाहिलेला फोटो गेला. हिरवी टेकडी, निळं आभाळ, पांढरे ढग... विंडोज एक्सपी उघडलं की दिसायचा तोच. अनेकांना तो संगणकावर रंगवलेला वाटे. प्रत्यक्षात 'नॅशनल जिओग्राफिक'साठी काम केलेल्या चार्ल्स ओरिअर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याकडेला गाडी थांबवून तो काढला. ते तेव्हाच्या मैत्रिणीला, म्हणजे पुढे झालेल्या पत्नीला, भेटायला निघाले होते. एरवी त्या टेकडीवर द्राक्षाचे मळे असतात. किडीमुळे वेली काढून टाकल्या होत्या, म्हणून सगळं गवतच गवत. (द्राक्षावरच्या किडीचं दुःख नाशिककरांना सांगायला नको.) फोटो एजन्सीत पडून होता. मायक्रोसॉफ्टनं तो भाड्यानं न घेता सगळ्या हक्कांसह विकत घेतला. मूळ फिल्म पाठवायची तर तेवढ्या रकमेचा विमा उतरवायला कुरिअरवाले तयार होईनात, म्हणून ओरिअर स्वतः विमानानं सिअॅटलला जाऊन देऊन आले. रक्कम सांगायची नाही असा करार होता.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २००० साली कॅनडातल्या कॅल्गरीत ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी 'आयस्टॉकफोटो' सुरू केलं. आधी सगळं फुकट, तुम्ही माझा फोटो वापरा, मी तुमचा वापरतो, अशी देवाणघेवाण. लोकांची झुंबड उडाली, सर्व्हरचा खर्च झेपेना, म्हणून फोटोमागे पंचवीस सेंट घ्यायला सुरुवात झाली. डिजिटल कॅमेरे आलेच होते. कुणी दंतवैद्य, कुणी गृहिणी, कुणी विद्यार्थी... सगळे फोटो चढवू लागले. २००६ मध्ये 'वायर्ड' मासिकात आलेल्या ज्या लेखातून 'क्राउडसोर्सिंग' हा शब्द रूढ झाला, त्याची सुरुवातच या गोष्टीनं आहे. एक व्यावसायिक छायाचित्रकार एका संग्रहालयाला फोटोमागे शंभर-दीडशे डॉलर सवलतीचा भाव सांगतो, आणि संग्रहालयाच्या बाईंना तसेच फोटो डॉलरला एक मिळतात! त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? त्याच वर्षी 'गेटी इमेजेस'नं आयस्टॉक पाच कोटी डॉलरना विकत घेतलं. म्हणजे फोटो चिल्लरीत गेला आणि फोटोंची यादी कोटींत.

२००३ मध्ये जॉन ओरिंगर यांनी स्वतः काढलेल्या तीस हजार फोटोंवर 'शटरस्टॉक' काढलं. महिन्याची वर्गणी भरा आणि हवे तेवढे उचला, असं खानावळीच्या मासिक पासासारखं गणित. जून २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, त्यांनी छायाचित्रकारांचे वाटे बदलले. एका फोटोला कमीत कमी दहा सेंट मिळणार, आणि चढत गेलेली पायरी दर १ जानेवारीला पुन्हा पहिलीवर. वर्षभर चांगले गुण मिळवलेल्या पोरालाही जूनमध्ये पुन्हा पहिलीतच बसवायचं, असला हा प्रकार! खूप जणांनी निषेध म्हणून आपले फोटो काढून घेतले.

आता आमच्या घरचं. माझ्या धाकट्या भावाची नात अशाच एका गॅलरीत फोटो देते. तीनशेच्या वर फोटो आणि अकरा महिन्यांत पाच हजार रुपयेसुद्धा नाहीत. सूर्यास्त कुणी घेत नाही, ते लाखांनी पडून आहेत. खपतं ते साधं: हळदीच्या ढिगातला हात, गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूस, पितळी डब्यातले मसाले. आपल्याकडच्या शाळांच्या माहितीपत्रकांवर पूर्वी सोनेरी केसांची मुलं हसत असायची, कारण परदेशी याद्यांत आपले चेहरेच नव्हते. २००६ मध्ये दिल्लीत संदीप माहेश्वरी यांनी 'इमेजेसबझार' काढलं, ते नेमकी हीच उणीव ओळखून.

पण चेहरा आला की सही आली. माणूस ओळखू येत असेल तर त्याच्या लेखी संमतीवाचून तो फोटो जाहिरातीला चालत नाही, फक्त बातमी-लेखांना चालतो. नात बाजारातल्या एका भाजीवाल्या आजींकडे कागद घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "अंगठा कशावर घेतीस पोरी? जमीन तर लिहून घेत न्हाईस ना?" तिनं समजावून सांगितलं, की तुमचा फोटो कुठेही, कोणत्याही मालावर लागू शकतो, आणि तुम्हाला कळणारही नाही. आजींनी कागद परत दिला. मला दोघींचंही बरं वाटलं. तो फोटो आता बातमीपुरताच आहे.

अलीकडे एक नवं गिऱ्हाईक आलं आहे. चित्रं तयार करणाऱ्या संगणकाला शिकवायला लाखो फोटो लागतात. गेटीनं २०२३ मध्ये अशा एका कंपनीला कोर्टात खेचलं. शटरस्टॉकनं उलट आपला साठा रीतसर पुरवला आणि त्यातला वाटा छायाचित्रकारांना देण्यासाठी फंड काढला. संचात तुमचं काम जेवढं, तेवढे पैसे. जानेवारी २०२५ मध्ये या दोन कंपन्यांनी एकत्र येण्याची घोषणाही केली.

नातीच्या गॅलरीत, आपले फोटो या कामाला द्यायचे की नाही, त्याची एक चौकट आहे. तिनं ती खूण काढून टाकली. त्यानं पैसे थोडे कमी येतील, हे तिला माहीत आहे. मूळ फाइली ती दोन ठिकाणी ठेवते आणि एका दोनशेपानी वहीत प्रत्येक फोटोचा नंबर, तारीख, गाव आणि माणसाचं नाव लिहिते. गेल्या आठवड्यात वही चाळली, तेव्हा शेवटचा नंबर ४१२ होता.