श्वासाची साक्ष
मोटार हाकणारा प्यायलेला होता की नाही, हे कोर्टाने ठरवायचे कसे? पूर्वी पोलीस सांगे, "तोंडाला वास येत होता, पाय लटपटत होते." त्यावर वकील म्हणे, "पाय तर तापानेही लटपटतात!" मग न्यायाधीशाने खरे कोणाचे मानायचे?

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक रोला हार्गर यांनी १९३१ साली यावर तोड काढली. माणसाने फुगा फुगवायचा आणि तो श्वास जांभळ्या द्रावणातून न्यायचा. दारू असेल तर रंग उडे. पुढे १९५४ साली तेथीलच पोलीस अधिकारी रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी अधिक सुटसुटीत यंत्र बनवले.

पण यंत्र काही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहत नाही. ते आधी तपासले होते का, नोंद कोणी केली, हे उलटतपासणीत माणसालाच सांगावे लागते. म्हणून १९५८ पासून त्याच विद्यापीठात या चाचण्यांचे शिक्षणवर्ग सुरू झाले.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा घातली. आकडा लिहिणे सोपे असते हो! तो सिद्ध करायला शिकलेला पोलीस आणि जाणता सरकारी वकील लागतो. नाहीतर दोषी सुटतो, नाहीतर निर्दोष अडकतो.