क्रोन्सच्या आजारात प्रतिकारशक्ती कुठे कमी पडते

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झालेल्या रुग्णाला बहुधा पहिल्याच भेटीत सांगितले जाते, ‘तुमची प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त झाली आहे, ती तुमच्याच आतड्यावर उलटली आहे, म्हणून ती दाबायची.’ कोलायटिसबद्दल मी इथे वाद घालत नाही. क्रोन्सबद्दल मात्र हे निदान उलट्या टोकाने मांडलेले आहे, असे माझे मत आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. आजारी आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की टी-पेशी, मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशींची दाटी दिसते. स्टेरॉइडने, अझाथायोप्रिनने आराम पडतो. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळालेल्या इन्फ्लिक्सिमॅबने टीएनएफ हा दाह भडकवणारा रेणू अडवला आणि कित्येकांचे वाहते भगंदर बंद झाले. एवढे पाहिल्यावर अतिरेकाचा निष्कर्ष काढणे स्वाभाविक आहे.

पण औषधाने दाह शमतो, एवढ्यावरून तो का सुरू झाला हे ठरत नाही. शिवाय औषधांची साक्षही एकमुखी नाही. एटानरसेप्ट हे औषधही टीएनएफच अडवते, संधिवातात ते चांगले चालते. क्रोन्समध्ये मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले. त्याहून बोलकी गोष्ट सेक्युकिनुमॅब या औषधाची. आजारी आतड्यात इंटरल्यूकिन-१७ हा दाहाचा संदेश देणारा रेणू वाढलेला असतो, तेव्हा तो या औषधाने अडवावा, हा तर्क बिनतोड वाटत होता. २०१२ साली निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्यांची प्रकृती औषध नसलेली नकली सुई (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षाही वाईट निघाली आणि बुरशीचे संसर्ग वाढले. जो रेणू अपराधी समजला गेला, तो आतड्याच्या अस्तराची राखण करत होता.

आता उत्तरपक्ष. २००१ सालीच क्रोन्सशी जोडलेले पहिले जनुक सापडले, नॉड-टू. जंतूंच्या भिंतीचा तुकडा ओळखून पेशीला जागे करणे हे त्याचे काम. रुग्णांत आढळलेल्या बदलांमुळे हे काम मंदावते. (युरोपातले हे बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडत नाहीत, पण त्यांनी दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे.) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अँथनी सीगल यांच्या गटाने २००६ साली रुग्णांच्या हाताच्या त्वचेखाली मृत ई. कोलाय जंतू टोचले. निरोगी माणसात तिथे रक्तप्रवाह जोरात वाढतो. क्रोन्सच्या रुग्णांत तो बराच कमी वाढला. त्वचा खरवडून पाहिली तर न्यूट्रोफिलही कमी जमले. ही तपासणी आतड्यापासून दूर, निरोगी त्वचेवर झाली होती, म्हणून मला ती विशेष वजनदार वाटते. पहिली फळीच उशिरा पोहोचते, असा त्याचा सरळ अर्थ.

जन्मजात दोषांची साक्ष याहून स्पष्ट आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीजमध्ये न्यूट्रोफिलांना गिळलेले जंतू नीट मारता येत नाहीत, आणि अशा अनेक मुलांच्या आतड्यात क्रोन्सपासून वेगळा ओळखू न येणारा आजार होतो. २००९ साली इंटरल्यूकिन-१० चा संदेश घेणारा रिसेप्टर निकामी असलेली बालके वर्णिली गेली. त्यांना पहिल्या वर्षातच भीषण दाह झाला होता. तिथे तुटलेला होता तो मॅक्रोफेजना शांत ठेवणारा लगाम. अमेरिकेत मिलवॉकी येथे एका मुलावर शंभराहून अधिक वेळा शस्त्रक्रिया झाल्या; शेवटी जनुकवाचनातून एक्सआयएपी या जनुकातला दोष सापडला, जो नॉड-टूच्याच संदेशवाटेवर काम करतो. नाळेच्या रक्तातील मूळपेशींचे रोपण केल्यावर आतडे शांत झाले.

यावरून मला क्रोन्सचा क्रम असा दिसतो. अस्तर ओलांडून आलेला जंतूंचा माल काही तासांत साफ व्हायला हवा. तो होत नाही. मॅक्रोफेजच्या पोटात तो अडकून राहतो, भोवती ग्रॅन्युलोमा, म्हणजे प्रतिकारपेशींची गाठ, बनतो, आणि मग टी-पेशींना बोलावणे जाते. दिसणारी गर्दी या दुसऱ्या टप्प्याची आहे. दाबणारी औषधे तोच टप्पा आवरतात, म्हणून ती लागू पडतात आणि थांबवली की बहुतेकांत आजार परततो. बहुसंख्य रुग्णांत एकच दोषी जनुक सापडत नाही, हे मान्य. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजना चेतवणारे सारग्रामोस्टिम हे औषध २००५ च्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरले नाही, हेही मान्य. उणीव कळली म्हणजे ती भरून काढता आली, असे नव्हे. म्हणून कोणी चालू औषधे सोडू नयेत, आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांकडे तर मुळीच वळू नये.

भारतात हा वाद पुस्तकी नाही. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांत फरक करताना अनुभवी डॉक्टरही अडखळतात; दोन्हीत ग्रॅन्युलोमा दिसू शकतो. टीएनएफ अडवण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात, कारण सुप्त टीबीला कोंडून ठेवणाऱ्या मॅक्रोफेजना टीएनएफची गरज असते. त्यातही मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लहान मुलांची. सहा वर्षांखालील मुलाला हा आजार झाला, तर औषधांचा डोस चढवत नेण्याआधी न्यूट्रोफिलांची जंतू मारण्याची क्षमता दाखवणारी रक्ततपासणी आणि जनुकचाचणी व्हायलाच हवी. नाहीतर ज्याचा दोष अस्थिमज्जेतून येणाऱ्या पेशींत आहे, अशा मुलाचे आतडे तुकड्यातुकड्याने कापले जाते.