जरी-टिकलीने सजवलेली मुद्रितचित्रे

जरी-टिकलीने सजवलेली मुद्रितचित्रे म्हणजे छापील रंगीत चित्रातील व्यक्तीच्या वस्त्रांवर व दागिन्यांवर कापड, जरी, टिकल्या आणि मणी लावून तयार केलेली चित्रे होत. महाराष्ट्रात ही कला प्रामुख्याने राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातील देवदेवतांच्या व पौराणिक नायिकांच्या चित्रांवर आढळते.

पार्श्वभूमी

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली. रविवर्मा यांचे मुद्रणालय १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आले. शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरली जाई. एकाच चित्राच्या असंख्य प्रती निघत असल्याने पूर्वी श्रीमंतांपुरती मर्यादित असलेली चित्रे सामान्य घरांतील देवघरापर्यंत पोहोचली. सजावटीमुळे या एकसारख्या प्रतींपैकी प्रत्येक प्रत वेगळी ठरू लागली.

तंत्र

चित्र प्रथम जाड पुठ्ठ्यावर किंवा कापडावर चिकटवले जाई. साडी, शेला, मुकुट व अलंकार यांच्या आकाराचे रेशमी किंवा मखमली तुकडे कापून ते खळीने चिकटवले जात अथवा टाक्यांनी जोडले जात. उठाव येण्यासाठी कधी त्यांखाली कापूस भरला जाई. काठांवर जरी आणि दागिन्यांच्या जागी मणी व टिकल्या येत. चेहरा, हात आणि पाय मात्र छापील स्वरूपातच ठेवले जात. शेवटी चित्र काचेच्या चौकटीत बसवले जाई. हे काम घरगुती भरतकामाचा भाग म्हणून होई, तसेच व्यावसायिक कारागीरही ते करीत.

रंगभूमीशी नाते

शकुंतलेसारखे विषय रंगभूमी आणि चित्रकला यांना समान होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. रविवर्मा मुद्रणालयाच्या सुरुवातीच्या चित्रांतही शकुंतलाजन्माचा प्रसंग होता.

मुद्रितचित्र विकत आणून सजवण्याचा छंद भारताबाहेरही होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये तो थेट नटांच्या चित्रांशी जोडलेला होता. एडमंड कीन यांच्यासारख्या नटांची भूमिकेतील चित्रे विकत घेऊन त्यांवर ठशाने कापलेले धातूच्या पातळ पत्र्याचे तारे, ढाली व शिरस्त्राणे, तसेच कापड आणि पिसे चिकटवली जात. अशा नाट्यविषयक छापांपैकी साध्या छापाची किंमत एक पेनी आणि रंगवलेल्याची दोन पेन्स असे. इंग्लंडमध्ये आवडत्या नटाविषयीचे कौतुक आणि महाराष्ट्रात बहुधा देवतेविषयीची भक्ती ही या सजावटीमागील प्रेरणा होती.

जतन आणि महत्त्व

जरीतील धातू हवेने काळवंडतो, खळीमुळे कसर लागते आणि दमटपणामुळे कागद कमकुवत होतो. सजावट काढून ‘मूळ’ चित्र मिळवण्याचा प्रयत्न केल्यास सुईची छिद्रे व खळीचे डाग उघडे पडतात. कापडाखालील रंग प्रकाशापासून सुरक्षित राहिल्याने तो उर्वरित भागापेक्षा गडद दिसतो. त्यामुळे सजावट ही चित्राचा अविभाज्य भाग मानणे योग्य ठरते. छापावर चित्रकाराचे किंवा मुद्रणालयाचे नाव असे. सजावट करणाऱ्या व्यक्तीचे नाव बहुधा नसे. या अनामिक हातांच्या आवडीनिवडीचा आणि कौशल्याचा पुरावा अनेकदा केवळ त्या टाक्यांतच शिल्लक असतो.