अचलपूरचा दुल्हा

अचलपूरचे दुल्हा रहमानशाह गाझी म्हणजे गझनीच्या महमूदाचे भाचे. नवरदेवाच्या पोशाखात ईल राजाशी लढले आणि शहीद झाले, असं लहानपणापासून ऐकत आलो. साल हिजरी 392, म्हणजे इ.स. 1001-02. एलिचपूर हे नावही म्हणे त्या राजावरून पडलं.

पण 1001 च्या नोव्हेंबरात महमूद पेशावरजवळ जयपालाशी लढत होता. त्याची फौज वऱ्हाडात आल्याचं त्याच्या काळच्या इतिहासात कुठंच नाही. अलाउद्दीन खिलजी एलिचपुरावरून देवगिरीवर गेला तो 1296 मध्ये. आणि नावाचं म्हणाल, तर 12व्या शतकातल्या हेमचंद्रानं प्राकृत व्याकरणात चक्क नियमच दिलाय: अचलपूर म्हणताना च आणि ल जागा बदलतात, अलचपूर होतं. मग नावासाठी राजा कशाला लागतो?

हे मी मामूंना सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, तारीख देखके फातेहा पढते क्या?" दर्ग्यात नवस बोलणाऱ्या हिंदू बायाही सनावळी विचारत नाहीत. त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो हजार वर्षांपूर्वीच्या विजयानं छाती फुगवणाऱ्या आपल्याच लोकांशी, आणि त्याच गोष्टीवरून आज आपल्याकडे हिशेब मागणाऱ्यांशी. पुरावा विचारला की दोघंही चिडतात.

मामूंपुढे मात्र तो विषय मी पुन्हा काढला नाही.