मराठी चित्रपटाचा करपरतावा आणि हरिहरेश्वरचा किनारा

मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ साली झाला. हा कर प्रेक्षक देई आणि चित्रपटगृहाचा मालक तो सरकारजमा करी. १९७५ साली महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी परताव्याची योजना आणली, ती अशी की, चित्रपटापासून जमलेला कर निर्मात्यास परत मिळावा, पण त्याने पुढील मराठी चित्रपट काढला तरच. ही अट योजनेतील सर्वांत विचारपूर्वक घातलेली गोष्ट होय. दान न देता भांडवल फिरते ठेवण्याचा हेतू तीत स्पष्ट दिसतो.

परंतु परतावा तिकीटविक्रीच्या प्रमाणात असल्याने ज्याचा चित्रपट चालला त्यालाच तो भरघोस मिळे. 'सोंगाड्या'ने (१९७१) दादा कोंडके यांना योजनेपूर्वीच प्रेक्षक मिळवून दिला होता. अशा निर्मात्याची गरज सर्वांत कमी आणि त्याचा वाटा मात्र सर्वांत मोठा! ब्रिटनमध्ये १९५० साली सुरू झालेल्या 'ईडी लेव्ही'तही हाच दोष होता. तेथे तर ब्रिटनमध्ये चित्रपट काढणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनीही त्या निधीतून वाटा उचलला. १९८५ साली ती बंद झाली.

अशा सवलतींचा दुसरा लाभ सांगितला जातो तो चित्रीकरणाच्या स्थळांचा. त्याची कसोटी हरिहरेश्वरसारख्या गावी लावून पाहावी. श्रीवर्धन तालुक्यातील हे क्षेत्र १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. समुद्राने कोरलेल्या खडकांवरून जाणारी येथील प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच चालता येते. भरती काही निर्मात्याचे वेळापत्रक पाळत नाही. येथे उतरणारे पथक खोल्या, जेवण, होड्या व मजुरी यांवर जो खर्च करील, त्यास परताव्याच्या गणितात स्थानच नव्हते. तिकीटखिडकीवर जमलेला कर हेच त्याचे एकमेव माप. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २००२ पासून स्थानिक खर्च मोजून सवलत दिली. तथापि सोडलेल्या महसुलाचा थोडाच भाग तिजोरीत परतला. तेव्हा महसुलाच्या दृष्टीने अशा सवलतींचे समर्थन करणे कठीणच आहे. मराठीत चित्रपट निघत राहावेत, एवढ्यासाठीच त्या द्यावयाच्या असतील, तर १९७५ ची अट मोलाची ठरते.

पुढे परताव्याची जागा दर्जानुसार मिळणाऱ्या अनुदानाने घेतली, आणि १ जुलै २०१७ रोजी करमणूक करच वस्तू व सेवा करात विलीन झाला. २०२० साली महाराष्ट्रात 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटास करसवलत मिळाली. तिचा लाभ प्रेक्षकाला तिकिटाच्या दरात झाला, पुढील मराठी चित्रपटाच्या भांडवलास नव्हे.