नव्या शब्दाची ओळख

वर्गात नवा मुलगा आला, त्याचे नावगाव ठाऊक नसले, तरी तो मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातो आणि कुणाशी भांडतो हे आठ दिवस पाहिले की मास्तरांना त्याचा अंदाज येतो. शब्दाचेही तसेच आहे. 'बाजारातून ताजी गोंबरी आणली, निवडली आणि लसूण घालून परतली', एवढे ऐकले की कोणतीही गृहिणी म्हणेल, ही पालेभाजी असणार! कोशात शोधू नका बरं का. 'गोंबरी' हा शब्द मी आत्ताच बनवला.

ही साधी गोष्ट शास्त्र म्हणून मांडली गेली ती १९५० नंतर. १९५४ साली अमेरिकेत झेलिग हॅरिस यांनी दाखवले, की ज्या शब्दांचा शेजार सारखा त्यांचे अर्थही जवळचे. १९५७ साली इंग्लंडात जे. आर. फर्थ यांनीही शब्द सोबतीवरून ओळखावा असे सांगितले. हे फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. तिथल्या अनेक भाषांच्या वर्दळीचा त्यांच्या विचारावर परिणाम झाला असावा, असे आपले मला वाटते.

पण शब्दांचे शेजारी मोजत बसणार कोण? ते काम पुढे संगणकाने पत्करले. २०१३ साली गूगलमधील टॉमस मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ड-टू-वेक' हे सॉफ्टवेअर तयार केले. त्याने सुमारे १०० अब्ज शब्दांचा बातम्यांचा मजकूर चाळून प्रत्येक शब्दाला ३०० आकड्यांची ओळखपट्टी दिली. शेजार सारखा, तर आकडेही सारखे. व्याख्या कुणीच शिकवली नव्हती! खोट एकच. यादीबाहेरचा शब्द आला की यंत्र मुके. म्हणून २०१६ साली फेसबुकच्या संशोधकांनी शब्दाचे तीन ते सहा अक्षरांचे तुकडे पाडून त्यांवरून अंदाज बांधायला शिकवले. सावरकरांनी दिलेला 'महापौर' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तरी दुसरे काय केले असेल? 'महा' ठाऊक, 'पौर' ठाऊक, झाले काम.

दरवेळी मात्र असे जमत नाही. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'कोविड-१९' हे नाव जाहीर केले. गूगलचे २०१८ सालचे 'बर्ट' हे सॉफ्टवेअर हा शब्द 'को' आणि 'विड' असा फोडी. आता यातून रोग कसा कळावा? वाक्यातल्या शेजाऱ्यांवरून जो काय अंदाज येईल तेवढाच. शेवटी त्याच वर्षी संशोधकांनी त्याला साथीविषयीचा ताजा मजकूर वाचायला घालून पुन्हा शिकवले.

आपली अडचण इथेच आहे. फेसबुकने २०१८ साली १५७ भाषांच्या अशा ओळखपट्ट्या प्रसिद्ध केल्या. त्यांत मराठी आहे, पण मजकूर घेतला तो विकिपीडिया आणि इंटरनेटवरच्या पानांतून. एखाद्या नव्या किडीला शेतकऱ्यांनी दिलेले नाव बांधावर हजारदा उच्चारले जाते. ते कुठे लिहिलेच गेले नाही, तर यंत्राच्या लेखी ते नाहीच.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक करून पाहावे. पुस्तकात नसलेला, घरी किंवा शेतावर ऐकलेला एक शब्द मुलांना दर आठवड्याला वहीत लिहून आणायला सांगावा, आणि तोही ज्या वाक्यात ऐकला त्या वाक्यासकट. वही भरली की कुणीतरी ती टंकून इंटरनेटवर ठेवील. नुसता शब्द लिहून आणणाऱ्याला मात्र परत घरी पाठवावे, वाक्य विचारून यायला.